परमुलखातील पहिले विवरणपत्र

गणपतीला गावी येणारा चाकरमानी पूर्वी मुंबईहून येत असे, आणि त्याच्या ट्रंकेतून घरच्यांसाठी कापडचोपड व शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी चहाची पुडकी निघत. अलीकडे रायगडाच्या पायथ्याच्या आमच्या हिरकणीवाडीत आणि खाली महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात एखाददुसरा चाकरमानी न्यू जर्सीहून वा टेक्सासहून उतरतो, आणि चॉकलेटांचे वाटप आटोपल्यावर, आरती व प्रसाद यांच्या मधल्या निवांत वेळी, पडवीत माझ्याजवळ सरकून खिशातला मोबाइल काढतो व कुठल्याशा सरकारी कागदाचे छायाचित्र माझ्यापुढे धरतो. मुंबईत जमाखर्चाच्या कचेरीत मी हयात घालवली आणि दुसऱ्यांची प्राप्तिकराची विवरणपत्रे भरता भरता माझे केस पिकले, एवढीच माझी या विषयातील सनद. परंतु परदेशी गेलेल्या मुलांनी पहिल्या वर्षी केलेल्या चुका इतक्या एकाच नमुन्याच्या आढळल्या की त्यांविषयी एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. प्रस्तुत लेख मुख्यतः अमेरिकेत नव्याने गेलेल्यांसाठी आहे, कारण माझ्यापुढे येणारे कागद बहुतेक तेथलेच असतात; कॅनडा, इंग्लंड वा जर्मनीचा कायदा निराळा, तरी विचार करण्याची रीत बरीचशी हीच.

माझ्या भाच्याने पहिल्याच वर्षी फोनवर विचारलेला प्रश्न या साऱ्या प्रकरणाचे मूळ आहे. "मामा," तो म्हणाला, "पासपोर्ट माझा भारताचा, व्हिसा तात्पुरता, तिथे घर नाही की दार नाही, मग हा फॉर्म मला 'रेसिडेंट आहेस की नाही' असं का विचारतो? मी तर उघडच परका आहे." त्याला मी सातबाऱ्याचा दाखला दिला. उताऱ्यावर मालकाचे नाव एका ठिकाणी असते, कुळाचे दुसऱ्या ठिकाणी, आणि पीक कोणते व किती हे तिसऱ्याच नमुन्यात. तिन्ही नोंदी एकाच जमिनीच्या, पण एकीवरून दुसरी अनुमानाने काढता येत नाही. तद्वत नागरिकत्व कोणत्या देशाचे, राहण्याचा परवाना कोणत्या वर्गाचा, आणि कराच्या दृष्टीने रहिवासी कोण, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि पहिल्या विवरणपत्राचा जवळजवळ सारा भार तिसऱ्या प्रश्नावर आहे. रहिवासी ठरलात तर जगात कोठेही झालेली तुमची प्राप्ती अमेरिकेला सांगावी लागते. अनिवासी ठरलात तर केवळ तेथल्या भूमीवर मिळवलेली. फॉर्मही वेगळे: रहिवाशाला १०४०, अनिवाशाला १०४०-एनआर. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरांना दुसरा फॉर्म ठाऊकच नसतो, ती निमूटपणे पहिला भरून देतात, आणि नवखा मनुष्य परतावा जास्त दिसला म्हणून संतोष पावतो. भाच्याचे हेच झाले होते. पुढे दुरुस्तीचा १०४०-एक्स फॉर्म भरून, हाती आलेल्या परताव्यातला बराच भाग व्याजासह परत करावा लागला. रकमेपेक्षा त्या चार महिन्यांतील झोपेचा हिशेब मोठा होता.

रहिवासी कोण, हे ग्रीन कार्ड नसलेल्यांच्या बाबतीत दिवस मोजून ठरते. चालू वर्षातील अमेरिकेतले सर्व दिवस, त्याआधीच्या वर्षातील दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याही आधीच्या वर्षातील दिवसांचा एक षष्ठांश यांची बेरीज १८३ वा अधिक झाली, आणि चालू वर्षात निदान ३१ दिवस तेथे वास्तव्य झाले असेल, तर तो मनुष्य रहिवासी. येथे वर्ष म्हणजे १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. आपल्या एप्रिल ते मार्चच्या सवयीने मोजणारा पहिल्याच पायरीवर घसरतो. जो पूर्वी कधी तेथे गेला नव्हता, तो नोकरीच्या व्हिसावर २ जुलैला किंवा त्याआधी पोहोचून वर्षअखेरपर्यंत सलग राहिला, तर त्याच वर्षाचे १८३ दिवस भरतात आणि आगमनाच्या तारखेपासून तो रहिवासी होतो. ३ जुलैला पोहोचला तर एका दिवसाने चुकतो. इतका मोठा फरक एका दिवसावर लटकत असल्यामुळे पासपोर्टावरील शिक्का आणि अमेरिकेच्या प्रवेशनोंदीतील तारीख हे तुमच्या पहिल्या विवरणपत्राचे सर्वांत महत्त्वाचे दस्तऐवज होत, पगाराचा दाखला त्यांच्यानंतर.

एच-१बी व्हिसावर ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेस रुजू होण्याचा प्रघात असल्याने आपली बरीच मुले त्या सुमारास प्रथम पाऊल ठेवतात. त्यांचे त्या वर्षी फार तर ९२ दिवस भरतात. अर्थात ती त्या वर्षापुरती अनिवासी. त्यांना पहिल्याच वर्षी रहिवासी होण्याचा एक ऐच्छिक मार्ग कायद्याने ठेवला आहे, परंतु पुढील वर्षी १८३ दिवसांची कसोटी पुरी झाल्याशिवाय तो पत्करता येत नाही, म्हणून विवरणपत्राची मुदत वाढवून थांबावे लागते. जे वर्षाच्या मध्यावर रहिवासी झाले त्यांचे वर्ष दुभंगते, आधीचा भाग अनिवासी आणि नंतरचा रहिवासी, आणि अशा दुभंगलेल्या वर्षी सरसकट वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) मिळत नाही. विवाहितांना यातून एक वाट आहे: वर्षअखेरीस जोडीदारांपैकी एक जरी रहिवासी ठरला, तरी दोघांनीही संपूर्ण वर्षाचे रहिवासी मानून घेऊन संयुक्त विवरणपत्र द्यावे, अशी निवड करता येते. तिचा मोबदला मात्र चुकवावा लागतो. जानेवारीपासून विमानात बसेपर्यंत पुण्याच्या कंपनीने दिलेला पगारही मग त्या विवरणपत्रात लिहावा लागतो. त्यावर भारतात कापलेल्या कराचे श्रेय १११६ या फॉर्माने मिळते, आणि बहुतेक नवविवाहितांना हा सौदा अखेर फायद्याचा पडतो. पत्नी वा पती एच-४ व्हिसावर असून सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल तर डब्ल्यू-७ अर्जाने आयटिन नावाचा क्रमांक काढावा. त्यासाठी मूळ पासपोर्ट टपालाने धाडण्याचे धैर्य ज्याला नसेल (मला नसते), त्याने अधिकृत साक्षांकन करणाऱ्या प्रतिनिधीकडे जावे.

विद्यार्थ्यांची गोष्ट स्वतंत्र. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याचे दिवस पहिली पाच कॅलेंडर वर्षे मोजलेच जात नाहीत, आणि एखाद्या वर्षातील एक दिवससुद्धा पुरे वर्ष म्हणून धरला जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये गेलेल्याची पाच वर्षे २०२८ च्या अखेरीस संपतात. म्हणजे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतरची प्रशिक्षणाची नोकरी हा बहुतेक काळ तो अनिवासीच असतो. एक पैचीही कमाई नसली तरी त्याने ८८४३ हा लहानसा फॉर्म दरसाल पाठवलाच पाहिजे. आता दोन सवलती, ज्या कोणी आपण होऊन सांगत नाही. भारत व अमेरिका यांच्यातील दुहेरी कर टाळण्याचा करार १२ सप्टेंबर १९८९ रोजी दिल्लीत सही होऊन पुढील वर्षी अमलात आला. त्याच्या एकविसाव्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला अनिवासी असूनही सरसकट वजावट घेता येते, जी अन्य बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. दुसरी अशी की अनिवासी विद्यार्थ्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर यांची मिळून ७.६५ टक्के कपात व्हायला नको. लहान कंपन्यांच्या पगार विभागास हे ठाऊक नसते आणि ते बिनदिक्कत कापतात. प्रथम कंपनीकडे लेखी मागणी करावी, तिने दाद दिली नाही तर ८४३ फॉर्माने सरकारकडे परत मागावे. महिन्याला तीन हजार डॉलर मिळवणाऱ्याचे यात वर्षाला अडीच हजारांहून अधिक डॉलर अडकलेले असतात. रुपयांत दोन लाखांच्या वर.

फॉर्मातील शब्दांनी मनुष्य बिचकतो, हे मला समजते. आमच्या डोक्यावरच्या गडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी राज्यव्यवहारकोश रचला गेला. परंतु जमेचा रकाना आणि खर्चाचा रकाना होते तेथेच राहिले. तसेच येथे. ग्रॉस इन्कम म्हणजे एकूण प्राप्ती, डिडक्शन म्हणजे वजावट, विथहोल्डिंग म्हणजे आपला टीडीएस. मालकाकडून जानेवारीअखेर मिळणारा डब्ल्यू-२ हा आपल्या फॉर्म १६ चा भाऊ. कराराच्या सवलतीखालील रक्कम वा शिष्यवृत्ती असेल तर १०४२-एस मार्चच्या मध्यापर्यंत येतो, आणि तो हाती येण्यापूर्वी घाईने विवरणपत्र पाठवणाऱ्याला ते पुन्हा पाठवावे लागते. राज्य सरकारचे विवरणपत्र वेगळे असते. टेक्सास वा फ्लोरिडासारख्या राज्यांत पगारावर राज्याचा कर नसल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही, न्यू जर्सी-कॅलिफोर्नियात उद्भवतो. बाकी रकाने सॉफ्टवेअर वा जाणकार भरून देतो. त्यावर मी शब्द खर्च करीत नाही.

खरा गुंता आहे तो मागे राहिलेल्या घराचा, आणि येथे आपल्या बाजूच्या माणसाचा अनुभवच त्याला चुकीच्या वाटेने नेतो. महाड तालुक्यातील व शेजारच्या म्हसळा-श्रीवर्धनकडील कितीतरी कुटुंबांच्या दोन-दोन पिढ्या आखातात राबल्या. तेथे पगारावर प्राप्तिकर नाही, आणि अनिवाशाच्या परदेशी पगारावर भारतही कर घेत नाही, त्यामुळे 'बाहेरच्या कमाईला कर नसतो, आणि गावाकडच्या जमिनीचे बाहेर कोणी विचारत नाही' हे ज्ञान थोरल्यांकडून धाकट्यांकडे वारशाने आले. (आखातवाल्यांनीही आता सावध असावे: ज्या भारतीय नागरिकाची येथील प्राप्ती १५ लाखांवर आहे आणि जो अन्य कोणत्याच देशात करास पात्र नाही, त्याला २०२० च्या दुरुस्तीने येथलाच रहिवासी मानले जाते, जरी त्याचा तेथील पगार त्यामुळे सहसा कराखाली येत नाही.) अमेरिकेत रहिवासी ठरलेल्या मनुष्याला हे वारशाचे ज्ञान घातक आहे. जे येथे करमाफ आहे ते तेथे करमाफ असेलच असे मुळीच नाही, आणि जे तेथे करपात्र नाही तेही कधी कधी कळवावे लागते. कळवणे वेगळे व कर देणे वेगळे, हा भेद मनात पक्का ठसवून पुढील मजकूर वाचावा.

प्रथम बँकेतील खाती. रहिवासी मनुष्याच्या अमेरिकेबाहेरील सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षातील कोणत्याही एका दिवशी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाचे एक पत्रक विवरणपत्राहून निराळे, दुसऱ्याच सरकारी खात्याकडे, संगणकावरून भरावे लागते. 'माझे कुठे एवढे पैसे आहेत?' असे प्रत्येक जण म्हणतो. परंतु वडील निवृत्त झाल्यावर त्यांच्या मुदत ठेवीवर सोयीसाठी मुलाचे नाव लावण्याची आपल्याकडे रूढी आहे. मुलाने त्यात दमडी घातलेली नसते, त्याला पावतीचा रंगही माहीत नसतो, आणि तरीही त्या संयुक्त खात्याची संपूर्ण रक्कम, निम्मी नव्हे, त्याच्या एफबारमध्ये जाते. आजीच्या खात्यावर केवळ सहीचा अधिकार असला तरी तेही जाते. पीपीएफ, भविष्यनिर्वाह निधी आणि परतावामूल्य असलेली आयुर्विमा पॉलिसी हीदेखील मोजावीत. याने कर लागत नाही. ठेव वडिलांची असेल तर तिचे व्याजही वडिलांचेच उत्पन्न, मुलाच्या विवरणपत्रात ते येत नाही. केवळ कळवायचे असते, पण न कळवल्यास दंडाची तरतूद मूळ कराहूनही कठोर आहे. ठेवी याहून बऱ्याच मोठ्या असतील, अविवाहिताच्या बाबतीत वर्षअखेर ५० हजार डॉलरहून अधिक, तर विवरणपत्रासोबत ८९३८ हा आणखी एक फॉर्म लागतो. ज्या वर्षी तुम्ही अनिवासी आहात त्या वर्षी यांतले काहीच लागत नाही, हाही त्या दिवसमोजणीचा एक लाभ.

नंतर व्याज. येथे पीपीएफचे व्याज करमुक्त, अनिवासींच्या एनआरई खात्याचे व्याज करमुक्त. अमेरिकेत एनआरई ठेवीचे व्याज निःसंशय करपात्र, आणि पीपीएफचे व्याजही बहुसंख्य जाणकार दरसालच्या उत्पन्नात धरतात. येथे कर भरलेला नसल्यामुळे तेथे श्रेय घेण्यासारखे काही हाती नसते. अनिवासीच्या येथील उत्पन्नासाठी असलेल्या एनआरओ खात्यावर मात्र येथे मुळातच ३० टक्के व त्यावरील उपकर कापला जातो. करारानुसार हा दर १५ टक्क्यांवर आणता येतो, पण त्यासाठी अमेरिकेच्या महसूल खात्याकडून रहिवासाचा दाखला आणून बँकेत द्यावा लागतो, आणि लहान ठेवीसाठी ही उठाठेव कोणी करीत नाही. म्युच्युअल फंडांविषयी माझे मत कडक आहे. अमेरिकेचा कायदा परदेशी फंडांना इतक्या जाचक रीतीने वागवतो, आणि त्यांसाठीचा ८६२१ फॉर्म इतका किचकट आहे, की दरमहा दोन हजारांचा हप्ता भरणाऱ्याचा नफा तो फॉर्म भरणाऱ्याच्या फीत जातो. जो नोकरीसाठी जाणार आहे त्याने रहिवासी होण्यापूर्वी, शक्यतो विमानात बसण्यापूर्वीच, ते मोडून टाकावेत.

आणि जमीन. सामाईक सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांसोबत तुमचे नाव आहे, एवढ्यावरून अमेरिकेला काही कळवावे लागत नाही. स्वतःच्या नावची शेतजमीन वा घर हे बँकखाते नव्हे. परंतु त्या जमिनीतून तुमच्या हाती पैसा आला की चित्र बदलते. भाताचे वा आंब्याचे उत्पन्न भारतात करमुक्त शेतीउत्पन्न आहे, तेथे ते साधे उत्पन्न आहे. भाऊ कसतो, विकतो आणि पैसे त्याच्याच संसारात जातात, तर ते त्याचे; त्यातला वाटा तुमच्या खात्यात जमा होऊ लागला, तर तो तुमचा आणि सांगण्याजोगा. महाड-पोलादपूरकडे याहून मोठा प्रश्न मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाने उभा केला. भूसंपादनाचा मोबदला येथे बहुधा करमुक्त असतो, त्यामुळे खातेदारांनी तो निश्चिंतपणे स्वीकारला. त्यांतील एखादा वारस त्या साली अमेरिकेत रहिवासी असला, तर त्याच्या वाट्यातील नफा तेथे भांडवली नफा म्हणून मांडावा लागतो, आणि नफा किती हे ठरवण्यासाठी जमीन त्याच्याकडे कधी व कशी आली, वारशाने आली असल्यास त्या वेळी तिचा दर काय होता, याचे कागद लागतात. फेरफाराची नक्कल आणि त्या सालच्या शासकीय दराचा तक्ता आजच काढून ठेवावा. दहा वर्षांनी तलाठ्याकडे ते मागणे म्हणजे तीन हेलपाटे. जाता जाता आणखी एक: डॉलर साठवून गडाच्या रस्त्यावर जागा घेण्याची हौस पुष्कळांना असते, अनिवासी भारतीयाला वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. बिनशेती असल्याची खातरी करूनच विसार द्यावा.

येथील बाजूचे थोडक्यात सांगतो. ज्या आर्थिक वर्षात नोकरीसाठी देश सोडला त्या वर्षी येथे १८२ दिवस भरले नसतील तर तुम्ही येथे अनिवासी. भरले असतील तर त्या वर्षापुरते येथलेही रहिवासी, आणि मार्चपर्यंतचा तेथला पगार येथेही मांडावा लागतो, तेथे भरलेल्या कराचे श्रेय घेऊन. बचत खाते एनआरओत बदलून घेणे हे परकीय चलनाच्या कायद्याने बंधनकारक आहे, ऐच्छिक नव्हे. १९६१ चा आपला प्राप्तिकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून आला असल्याने जुन्या पुस्तकांतील कलमांचे आकडे आता निरुपयोगी आहेत. प्राप्तिकर ही कल्पनाच मुळी आपल्याकडे एका नवागताने आणली, हे पुष्कळांना ठाऊक नसते: इंग्लंडहून आलेल्या जेम्स विल्सन यांनी १८६० साली तो कर बसवला आणि त्याच वर्षी कलकत्त्यात त्यांचा अंत झाला.

मुदतीविषयी. १५ एप्रिल ही तारीख मुलांच्या मनात अशी काही बसलेली असते की ती जवळ आली म्हणजे मुले अर्धवट कागदांवर चुकीचे विवरणपत्र पाठवतात, आणि टळली म्हणजे भयाने वर्षानुवर्षे पाठवतच नाहीत. आमच्या वाडीला जिचे नाव आहे ती गवळण गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून अंधारात कडा उतरली, कारण तान्हे मूल घरी होते आणि पहारेकरी नियमाला बांधलेले होते. अमेरिकेच्या महसूल खात्याचा दरवाजा तसा नाही. ४८६८ हा एक पानाचा अर्ज मुदतीपूर्वी दिला की कारण न विचारता १५ ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळतो. ही वाढ कागद देण्याची आहे, पैसे देण्याची नाही, म्हणून देणे निघेल असा अंदाज असेल तर तेवढी रक्कम एप्रिलमध्येच भरून मोकळे व्हावे. अर्जही न देता विवरणपत्र चुकवले आणि देणे बाकी असले, तर दरमहा पाच टक्के असा दंड पंचवीस टक्क्यांपर्यंत चढतो. विवरणपत्र दिले पण पैसे थकले, तर तो महिन्याला केवळ अर्धा टक्का. यावरून काय करावे हे उघड आहे: खिशात पैसे नसले तरी कागद पाठवावेत. आणि परतावाच येणे असेल, तर मूळ मुदतीपासून तीन वर्षांपर्यंत तो मागता येतो. गेल्या शिमग्याला आलेल्या एका मुलाने भीतीपोटी दोन वर्षांची विवरणपत्रे दाबून ठेवली होती; दोन्हींत त्यालाच पैसे येणे होते.

भीतीवरून आठवले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा उघडकीस आले की तेथे बसलेली मुले अमेरिकी उच्चारात अमेरिकी महसूल खात्याचे अधिकारी म्हणून फोन करीत, 'कर थकला आहे, अर्ध्या तासात अटक होईल' असे धमकावीत आणि भेटकार्डांच्या रूपाने पैसे उकळीत. अशा फोनांना बळी पडणाऱ्यांत नव्याने गेलेले परदेशी लोकही होते. आपल्याच जिल्ह्याच्या शेजारून आपल्याच माणसांना लुटण्याचा तो उद्योग मला आजही लज्जास्पद वाटतो. महसूल खाते पहिला संपर्क टपालाने करते, आणि भेटकार्डाने कर कधीच घेत नाही. फोनवर कोणी घाई केली तर फोन ठेवून द्यावा, मग पलीकडचा उच्चार कोठलाही असो.

विवरणपत्र दुसऱ्याकडून भरून घेणार असाल तर त्याच्याकडे सरकारी तयारकर्त्याचा पीटिन क्रमांक आहे का आणि तो स्वतः सही करतो का, हे पाहावे. जो सही टाळतो किंवा परताव्याचे ठरावीक टक्के फी म्हणून मागतो, त्याच्या दारातून परत फिरावे. जितका परतावा मोठा तितकी त्याची कमाई, मग तो खोट्या वजावटी लिहिणारच, आणि जबाबदारी मात्र सही करणाऱ्या तुमची. विद्यापीठे पुष्कळदा परदेशी विद्यार्थ्यांसाठी १०४०-एनआर भरणारे सॉफ्टवेअर फुकट देतात. अल्प उत्पन्नवाल्यांना स्वयंसेवकांकडून मोफत मदत देणारी व्हीटा नावाची सरकारमान्य व्यवस्थाही आहे. मात्र तिच्या सर्वच केंद्रांत अनिवाशांचे काम होत नाही, आधी विचारून जावे.

आता येथे मागे राहिलेल्या आईवडिलांसाठी. २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्री व गांधारी महाडच्या बाजारपेठेत शिरल्या तेव्हा दुकानांची व घरांची दप्तरे चिखलात गेली. ठेवींच्या पावत्या, खरेदीखते, पॉलिसी लोकांनी मागाहून उन्हात पानपान करून वाळवल्या, आणि बरीच पाने वाळल्यावर कोरी निघाली. म्हणून प्रत्येक कागदाचे छायाचित्र मुलाकडे असू द्यावे आणि मुलाच्या प्रत्येक विवरणपत्राची प्रत इकडे.

आणि दरसाल जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात महाडला उतरून बँकेत जावे. मार्चअखेरचा व्याजाचा दाखला मुलाच्या कामाचा नाही. १ जानेवारी ते ३१ डिसेंबरचा खातेउतारा मागावा, ज्या ज्या खात्यावर त्याचे नाव आहे त्या प्रत्येकाचा, आणि वर्षातील सर्वाधिक शिल्लक कोणत्या तारखेस होती तेथे पेन्सिलीने खूण करून घ्यावी. खिडकीवरची मुलगी पहिल्या वर्षी हमखास विचारते, "आजोबा, मार्च संपायचा आहे अजून, आत्ताच कशाला?" मी दोनदा समजावले. तिसऱ्या वर्षी मी रांगेत उभा राहण्यापूर्वीच तिने उतारा छापायला घातला होता.